ऐंशीच्या रेषेवरची घरं

समजा, कल्याणचं एक जोडपं दहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी लंडनला गेलं. काही वर्षं भाड्याने राहिल्यावर त्यांनी हॅरोमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. गृहकर्ज काढलं, स्टॅम्प ड्युटी भरली, किल्ल्या हातात आल्या, दाराला तोरण लागलं. आता मुलगी मोठी झाली आहे, घर अपुरं पडतं, म्हणून ते विकायला काढलं. एस्टेट एजंटने खोल्या पाहण्याआधीच विचारलं, ‘लीज किती उरली आहे?’ दोघांनी जमीन नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर ७ पौंड भरून घराचा उतारा मागवला. त्यात एक ओळ होती: ‘मुदत: २५ मार्च १९८२ पासून १२५ वर्षे’.

ही लीज २४ मार्च २१०७ रोजी संपते. म्हणजे मार्च २०२७ मध्ये तिची ८० वर्षं उरतील. इंग्लंडच्या कायद्यात ८० या आकड्याला फार वजन आहे. मुदत वाढवून घेणाऱ्याची नोटीस या रेषेच्या अलीकडे गेली की पलीकडे, एवढ्यावर हजारो पौंडांचा फरक पडतो.

हे जोडपं कल्पनेतलं आहे, पण त्यांच्या हातातला कागद इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे ५० लाख घरांच्या कागदासारखाच आहे. हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो, स्लाव या भागांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांनी फ्लॅट घेतले, त्यांच्यापैकी बहुतेकांकडेही तो असणार, कारण इंग्लंडमध्ये फ्लॅट विकण्याची रीतच ही आहे. इमारत आणि तिच्याखालची जमीन ‘फ्रीहोल्डर’च्या नावावर राहते. फ्लॅट घेणाऱ्याला मिळतो तो ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा. त्यावर दरवर्षी भुईभाडं द्यायचं, देखभालीचा सर्व्हिस चार्ज वेगळा भरायचा, आणि मुदत संपली की घर पुन्हा जमीनमालकाचं. मुदत संपताच राहणाऱ्याला रस्त्यावर काढता येत नाही, १९८९ च्या कायद्याने त्याला तेवढं संरक्षण आहे. पण आयुष्यभराची कमाई ज्यात घातली त्या घरात त्याला बाजारभावाचं भाडं भरणारा भाडेकरू म्हणून राहावं लागतं.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आपल्याकडे फ्लॅट घेतला की सोसायटीचं सभासदत्व येतं, शेअर सर्टिफिकेट येतं, आणि बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यावी ही अपेक्षा १९६३ च्या मोफा कायद्यातच लिहिलेली आहे. बिल्डर टाळाटाळ करतात म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. तेव्हापासून ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ हा शब्द सोसायट्यांच्या सभांमध्ये घरचा झाला. अंमलबजावणीचे हाल सगळ्यांना ठाऊक आहेत. तरी तत्त्व पक्कं आहे: राहणारे तेच मालक. इंग्लंडमध्ये त्या तत्त्वापर्यंत पोचायलाच साठ वर्षं चाललेली लढाई अजून संपलेली नाही.

या व्यवस्थेची मुळं लंडनच्या पश्चिमेच्या दलदलीत आहेत. १६७७ मध्ये बारा वर्षांच्या मेरी डेव्हिसचं लग्न सर टॉमस ग्रोव्हनर यांच्याशी झालं आणि तिच्यासोबत शहराबाहेरची सुमारे ५०० एकर पाणथळ कुरणं आणि बागा ग्रोव्हनर घराण्याकडे आल्या. आज त्या जमिनीवर मेफेअर आणि बेलग्रेव्हिया उभे आहेत. शेजारच्या चेल्सीची कथाही लग्नाचीच आहे. हॅन्स स्लोन यांनी १७१२ मध्ये तिथली जमीनदारी विकत घेतली आणि त्यांची मुलगी कॅडोगन घराण्यात गेली. या घराण्यांनी जमीन विकली नाही. बांधकाम करणाऱ्याला ती ठरावीक वर्षांच्या पट्ट्याने द्यायची, त्याने स्वतःच्या पैशाने घरं बांधायची, विकायची, आणि मुदत संपल्यावर जमीन बांधलेल्या घरांसकट मालकाच्या नातवा-पणतवांच्या हाती यायची, अशी ही रचना होती. मालकाने वीटही रचायची नाही आणि शंभर वर्षांनी अख्खी पेठ त्याची व्हायची.

श्रीमंत लंडनमध्ये याची कुरकुर पैशापुरती होती. दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या गावांत ती पोटापाण्याची झाली. तिथे कामगारांची घरं एकोणिसाव्या शतकात ९९ वर्षांच्या पट्ट्यांवर बांधली गेली होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे पट्टे संपत आले, आणि बापजाद्यांनी बांधलेलं घर हातचं जाणार हे लोकांना दिसू लागलं. त्या असंतोषातून हॅरल्ड विल्सन यांच्या सरकारने १९६७ चा कायदा आणला. स्वतंत्र घरांच्या लीजधारकांना त्याने जमीन विकत घेण्याचा किंवा ५० वर्षं मुदतवाढ घेण्याचा हक्क दिला. कमी किमतीच्या घरांसाठी त्याने मोबदला फक्त जागेचा धरला, वीट-चुन्याचा नाही, कारण तो खर्च रहिवाशांनी आधीच केला होता. फ्लॅट मात्र या कायद्याबाहेर राहिले.

ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या विश्वस्तांनी, म्हणजे ग्रोव्हनर घराण्याने, हे प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेलं. बेलग्रेव्हियातली सुमारे ८० घरं त्यांना या कायद्याखाली विकावी लागली होती. एका खासगी माणसाची मालमत्ता काढून दुसऱ्या खासगी माणसाला देणं हे लोकहिताचं कसं, असा त्यांचा सवाल होता. फेब्रुवारी १९८६ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला की समाजातला अन्याय दूर करण्यासाठी केलेलं असं हस्तांतरण लोकहितात बसू शकतं. त्यानंतरच्या प्रत्येक सुधारणेला या निकालाचा आधार आहे.

फ्लॅटवाल्यांची पाळी १९९३ मध्ये आली, तीही हुजूर पक्षाच्या सरकारात. रागावलेल्या ड्यूकनी पक्षच सोडला. या कायद्याने लीजधारकाला दोन गोष्टी दिल्या. उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर, आणि तिथून पुढे भुईभाडं ‘एक मिरीचा दाणा’. इंग्रजी कायद्यात करार टिकायला काहीतरी मोबदला लागतो. तो नाममात्र ठेवायचा असेल तर शतकानुशतकं मिरीचा दाणा लिहिण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात तो कुणी मागत नाही. करारात हा शब्द आला की भुईभाडं शून्य झालं असं समजायचं.

हक्क मिळाला, पण फुकट नाही. जमीनमालकाला द्यायची रक्कम कशी ठरते हे समजल्याशिवाय ८० वर्षांची रेषा समजत नाही, म्हणून जरा हिशेबात शिरलं पाहिजे.

मालक दोन गोष्टी गमावतो. मुदत संपेपर्यंत मिळणारं भुईभाडं, ही पहिली. मुदत संपल्यावर परत मिळणारं घर, ही दुसरी. घर दूरच्या भविष्यात मिळणार आहे, म्हणून त्याची आजची किंमत काढतात. आपण मुदत ठेवीचा हिशेब करतो तसाच हा हिशेब, फक्त उलट्या दिशेने. हॅरोच्या त्या फ्लॅटला भरपूर मुदतीची लीज असती तर तो ४ लाख पौंडांना गेला असता असं धरू. ८१ वर्षांनी ४ लाख मिळावेत म्हणून आज ५ टक्के दराने किती ठेवायचे? सुमारे ७,७०० पौंड. वर्षाचं भुईभाडं १०० पौंड असेल तर त्याची ६ टक्क्यांनी आजची किंमत साधारण १,६५० होते. नव्या लीजनंतरही मालकाकडे किरकोळ काही उरतं, ते वजा केलं की ८१ वर्षं शिल्लक असताना मुदतवाढीची किंमत येते सुमारे ९,२०० पौंड.

आता हीच नोटीस दोन वर्षांनी, ७९ वर्षं उरल्यावर दिली तर? पहिले दोन भाग थोडेसेच वाढतात आणि १० हजारांवर जातात. पण इथे तिसरा भाग येतो. कायद्याच्या भाषेत त्याला ‘मॅरेज व्हॅल्यू’ म्हणतात. छोटी लीज आणि जमिनीची मालकी वेगवेगळ्या हातांत असतील तर दोन्ही अर्धवट असतात. एकत्र आली की घराची किंमत दोन्हींच्या बेरजेहून जास्त होते. ही वाढीव किंमत म्हणजे मॅरेज व्हॅल्यू. लीज ८० वर्षांपेक्षा जास्त असेल तर ती धरायची नाही. ८० किंवा कमी असेल तर तिचा अर्धा वाटा मालकाला द्यायचा. ७९ वर्षांच्या लीजसह तोच फ्लॅट ३ लाख ७२ हजारांचा धरला, तर हा अर्धा वाटा ९ हजारांच्या घरात जातो. एकूण रक्कम होते सुमारे १९ हजार. दोन वर्षांत दुप्पट. ६० वर्षांपर्यंत कुणी थांबलं आणि तोवर फ्लॅट ३ लाख ३२ हजारांवर घसरला असं धरलं, तर हाच आकडा ४५ हजारांपुढे जातो.

म्हणूनच जुने सॉलिसिटर नवीन ग्राहकाला आधी मुदत मोजायला लावतात आणि मग घराबद्दल बोलतात. एवढंही नाही, मुदत ७० वर्षांच्या आसपास आली की अनेक बँका अशा घरावर कर्ज द्यायला काचकूच करतात. कर्ज नाही तर गिऱ्हाईक नाही.

वरच्या हिशेबातला ५ टक्के हा दर आकाशातून पडलेला नाही. लंडनमधल्या स्पोर्टेली खटल्यात २००६ मध्ये जमीन लवादाने तो ठरवला, घरांसाठी ४.७५ आणि फ्लॅटसाठी ५ टक्के. अपील न्यायालयाने तो मान्य केला. त्याआधी प्रत्येक खटल्यात दोन्ही बाजूंचे, घराची किंमत काढणारे सर्व्हेयर आपापला दर घेऊन भांडत. पाव टक्क्याचाही फरक ८० वर्षांवर पसरला की हजारो पौंडांचा होतो. छोट्या लीजचं घर मोठ्या लीजच्या तुलनेत किती टक्के किमतीचं धरायचं हे आलेखांवरून काढतात, आणि तो वाद मात्र राहिला. मंडी खटल्यात लीजधारकाच्या बाजूने नव्या संख्याशास्त्रीय पद्धतीचा आधार घेतला गेला. त्या पद्धतीने आलेला आकडा मान्य झाला असता तर लंडनमधल्या असंख्य लीजधारकांची रक्कम कमी झाली असती. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ती पद्धत नाकारली. सामान्य माणसाच्या खिशातली रक्कम कोणत्या आलेखाच्या कोणत्या वळणावर बोट ठेवायचं यावर ठरावी, ही या व्यवस्थेतली सर्वांत बोचणारी गोष्ट आहे. घराची किंमत त्याला कळते. आलेख कळत नाही, आणि तो वाचणारा सर्व्हेयर त्याला पैसे देऊन आणावा लागतो.

प्रक्रिया सुरू होते ती नोटिशीने. १९९३ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाखाली लीजधारक मालकाला नोटीस देतो. तिच्यात त्याला स्वतःचा प्रस्तावित आकडा लिहावा लागतो. ज्या दिवशी नोटीस दिली त्या दिवशीची मुदत आणि त्या दिवशीची किंमत हिशेबात धरतात. पुढे वाटाघाटी वर्षभर चालल्या तरी घड्याळ त्या दिवशी थांबलेलं असतं. ८० वर्षांच्या जवळ आलेल्या माणसासाठी हाच सर्वांत मोठा दिलासा आहे. सगळं पूर्ण व्हायची गरज नाही, नोटीस वेळेत पोचली की पुरे.

मालकाला उत्तर द्यायला किमान दोन महिने मिळतात. तो १० टक्के किंवा २५० पौंड यांपैकी जे जास्त असेल ते अनामत मागू शकतो आणि घर पाहायला आपला मूल्यमापक पाठवू शकतो. प्रतिनोटिशीत बहुतेक वेळा चढा आकडा येतो, मग दोन्हीकडचे सर्व्हेयर फोनवर मधला आकडा गाठतात. नाही जमलं तर सहा महिन्यांच्या आत लवादाकडे जावं लागतं. ती तारीख हुकली तर नोटीस मागे घेतली असं कायदा धरतो, आणि पुढचे बारा महिने नवी नोटीस देता येत नाही. ८० च्या जवळच्या लीजला हे बारा महिने फार महाग पडतात. उलट मालकाने प्रतिनोटीसच दिली नाही, तर न्यायालयात जाऊन लीजधारकाला स्वतःच्या आकड्यावर मुदतवाढ मिळवता येते. मालकच बेपत्ता असेल तर काउंटी कोर्ट त्याच्या वतीने लीज करून देऊ शकतं.

एक गोष्ट लीजधारकांना नेहमी खटकत आली आहे. या पद्धतीत मालकाच्या वकिलाचा आणि मूल्यमापकाचा वाजवी खर्चही लीजधारकालाच द्यावा लागतो. विकत घेणारा विकणाऱ्याच्या वकिलाचेही पैसे देतो, असा व्यवहार बाकी बाजारात कुठे होत नाही.

मार्ग दोन आहेत. नोटिशीचा हा पहिला. दुसरा मार्ग म्हणजे कायद्याबाहेर मालकाशी थेट बोलणं. कधीकधी तो स्वस्त आणि झटपट असतो, पण सावध राहावं लागतं. २०२२ पर्यंत मालकाचं पत्र यायचं: मुदत पुन्हा ९९ किंवा १२५ वर्षं करून देतो, रक्कमही कमी घेतो, फक्त भुईभाडं थोडं वाढवू. त्या ‘थोडं वाढवू’मध्ये पुढची पंचवीस-तीस वर्षं अडकायची. २०१६-१७ मध्ये इंग्लंडमध्ये गदारोळ उठला तो याच कारणाने. नव्या घरांच्या करारांत दर दहा वर्षांनी भुईभाडं दुप्पट होण्याचं कलम होतं. २५० पौंडांपासून सुरुवात केली तर पन्नास वर्षांनी ते ८,००० होतं. अशी घरं कुणी घेईना, बँका कर्ज देईनात. टेलर विम्पी या मोठ्या बांधकाम कंपनीने २०१७ मध्ये अशा ग्राहकांसाठी १३ कोटी पौंड बाजूला काढले. त्यानंतर संसदेने ३० जून २०२२ पासून नव्या लीजवर भुईभाडं आकारायलाच बंदी केली. आता नवा फ्लॅट घेणाऱ्याला मिरीचा दाणा पहिल्या दिवसापासून मिळतो. जुनी घरं मात्र जुन्या करारांवरच आहेत.

त्यांच्यासाठी आला तो २०२४ चा लीजहोल्ड आणि फ्रीहोल्ड सुधारणा कायदा. विधी आयोगाने २०२० मध्ये जाडजूड अहवाल दिले होते, त्यातल्या बऱ्याच शिफारशी यात आल्या. ९० ऐवजी ९९० वर्षांची मुदतवाढ. मॅरेज व्हॅल्यू रद्द, म्हणजे ८० ची रेषाच पुसली. हिशेबात भुईभाडं घराच्या किमतीच्या ०.१ टक्क्याहून जास्त धरायचं नाही. मालकाचा खर्च सहसा मालकानेच सोसायचा. ऋषी सुनक यांनी निवडणूक जाहीर केल्यावर संसद विसर्जित होण्याआधीच्या घाईगर्दीत हे विधेयक मंजूर झालं आणि २४ मे २०२४ रोजी त्याला राजमान्यता मिळाली.

लोकांना वाटलं, झालं. पण कायदा मंजूर होणं आणि लागू होणं यांत इंग्लंडमध्ये मोठी दरी असते. मालकी दोन वर्षं असल्याशिवाय नोटीस देता येत नाही ही अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. खरेदी झाली की लगेच नोटीस देता येते. हा बदल मोठा आहे, कारण आधी नवा मालक दोन वर्षं थांबे आणि त्याच दोन वर्षांत लीज ८० च्या खाली घसरे. ते टाळायला विक्रेत्याने आधी नोटीस देऊन तिचा हक्क घरासोबत खरेदीदाराला द्यायचा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. ९९० वर्षं आणि मॅरेज व्हॅल्यू रद्द होण्याच्या तरतुदी मात्र २०२५ संपेपर्यंत कागदावरच होत्या. कोणत्या दराने हिशेब करायचा तो दर सरकारने ठरवायचा आहे.

त्यात जमीनमालक न्यायालयात गेले. ग्रोव्हनर, कॅडोगन यांच्यासह मोठ्या जमीनदारांनी आणि जॉन लायन्स चॅरिटीसारख्या धर्मादाय संस्थेनेही मॅरेज व्हॅल्यूच्या रद्दीकरणाला आव्हान दिलं. चॅरिटीचं म्हणणं तुच्छतेने उडवून लावण्यासारखं नव्हतं. तिच्या जमिनीच्या उत्पन्नातून लंडनच्या मुलांसाठी अनुदानं जातात, तो पैसा कमी होणार. पण मुलांच्या अनुदानाचा भार फक्त काही विशिष्ट फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी का उचलायचा, याचं उत्तर त्या युक्तिवादात मिळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ही आव्हानं फेटाळली. १९८६ च्या स्ट्रासबर्ग निकालाची सावली याही निकालावर होती. जानेवारी २०२६ मध्ये सरकारने आणखी एका विधेयकाचा मसुदा आणला. जुन्या लीजवरचं भुईभाडं वर्षाला २५० पौंडांवर रोखायचं, चाळीस वर्षांनी ते मिरीच्या दाण्यावर आणायचं, आणि नवे फ्लॅट लीजहोल्डने विकणंच बंद करायचं, असं त्यात आहे.

या सगळ्यामुळे लाखो घरांत एकच प्रश्न आहे: थांबायचं की आत्ताच करायचं? लीज ८० च्या खाली घसरलेली असेल, घर विकायचं नसेल आणि कर्ज फेडून झालं असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. मॅरेज व्हॅल्यू गेली की मोठी रक्कम वाचेल. ८० च्या किंचित वर असलेल्यांनी मात्र थांबू नये, असंच म्हणावं लागतं. आज त्यांना मॅरेज व्हॅल्यू द्यायची नाही, आणि नवा कायदा कधी लागू होईल हे कुणी तारखेनिशी सांगत नाही. ९० ऐवजी ९९० मिळण्याच्या आशेने रेषा ओलांडणं परवडत नाही, कारण १७० वर्षांच्या लीजमध्ये आणि हजार वर्षांच्या लीजमध्ये राहणाऱ्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही. सरकारी पैशातून चालणारी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस याविषयी मोफत सल्ला देते. सर्व्हेयर नेमण्याआधी तिथे जाणं शहाणपणाचं.

इमारतीतल्या निम्म्या फ्लॅटधारकांनी एकत्र येऊन जमीनच विकत घेतली तर मुदतवाढीचा प्रश्नच उरत नाही, ते स्वतःच स्वतःला ९९९ वर्षांची लीज करून देतात. सोसायटीत वाढलेल्या माणसाला हा मार्ग सर्वांत ओळखीचा वाटतो. पण लंडनच्या इमारतीत निम्मे फ्लॅट भाड्याने दिलेले, मालक परदेशात, अशी स्थिती असली की सह्या गोळा करता करता दमछाक होते. सहकारी सोसायटीच्या जवळचा ‘कॉमनहोल्ड’ हा प्रकार २००२ च्या कायद्याने आणला खरा, पण पहिल्या वीस वर्षांत अशा वीसही इमारती झाल्या नाहीत. बिल्डरला दोनदा कमाई करता येत असेल तर तो एकदा कशाला करील?

सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये हा सगळा घोळ नाही. तिथे फ्लॅट पूर्ण मालकीने विकतात, आणि शिल्लक राहिलेले अतिदीर्घ पट्टे नोव्हेंबर २०१५ मध्ये कायद्याने आपोआप मालकीत बदलले. सिंगापूरमध्ये दुसरं टोक दिसतं. गेलांग भागातल्या १९१ घरांची ६० वर्षांची लीज ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली, सरकारने मुदत वाढवली नाही आणि मोबदलाही दिला नाही. लोकांनी घरं रिकामी करून जमीन परत केली. सार्वजनिक गृहनिर्माण मंडळाच्या ९९ वर्षांच्या लीजवर राहणाऱ्या असंख्य सिंगापूरकरांना तो दिवस अस्वस्थ करून गेला.

मुंबईतही सरकारी पट्ट्यावरच्या सोसायट्या काही कमी नाहीत. वांद्र्यातल्या जुन्या पट्ट्यांची मुदत संपल्यावर शासनाने २०१२ आणि २०१८ च्या निर्णयांनी नवं भाडं जमिनीच्या बाजारमूल्याशी जोडलं, तेव्हा सोसायट्या उच्च न्यायालयात गेल्या. २०२४ मध्ये न्यायालयाने भाडेवाढ योग्य ठरवली, पण दर पाच वर्षांनी ती फिरून वाढवण्याची अट काढली. २०१९ च्या नियमांनी अशा जमिनी अधिमूल्य भरून ‘भोगवटादार वर्ग १’, म्हणजे पूर्ण मालकीच्या, करण्याचा रस्ता उघडला. इथे पट्टा सोसायटीच्या डोक्यावर असतो, फ्लॅटधारकाच्या नाही, त्यामुळे फ्लॅटच्या कागदपत्रांत तो दिसत नाही आणि खरेदी करताना फार थोडे लोक विचारतात. विचारायला हवं.

हॅरोच्या त्या जोडप्यासमोर हिशेब स्वच्छ आहे. नोटीस २४ मार्च २०२७ च्या आत मालकाच्या हाती गेली पाहिजे. त्याआधी सर्व्हेयर घर पाहील, खोल्या मोजेल, स्वयंपाकघराचं नूतनीकरण लिहून घेईल, कारण राहणाऱ्याने स्वतःच्या पैशाने केलेल्या सुधारणा हिशेबात धरत नाहीत. सॉलिसिटर मालकाचा नोंदणीकृत पत्ता तपासून नोटीस रजिस्टर टपालाने आणि हातपोच अशी दोन्हीकडून पाठवेल आणि पोच जपून ठेवेल. नंतर त्यांना घर विकायचं असलं तरी त्या नोटिशीचा हक्क घरासोबत खरेदीदाराला देता येईल. आणि सगळं पार पडल्यावर त्या उताऱ्यातली ओळ बदलेल: ‘मुदत: २५ मार्च १९८२ पासून २१५ वर्षे. भाडे: एक मिरीचा दाणा’.